मंडळातील मुले उत्सवापुरतीच येतात. वर्षभराच्या सेवाकार्यात ती टिकावीत यासाठी काय करावे?

कोषाध्यक्ष_सातारा

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे गणेशोत्सव मंडळ आहे आणि गेली अकरा वर्षे मी त्याचा कोषाध्यक्ष आहे. मंडळात १५ ते २२ या वयाची साधारण चाळीस मुले आहेत. उत्सवाआधी महिनाभर ती पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडतात, मांडव घालतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून देखावा उभा करतात, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अशी काही पांगतात की मांडवाचे बांबू परत करण्यासाठी अध्यक्षांना आणि मला हातगाडी ढकलावी लागते.

वर्गणीतून उरलेल्या पैशांतून काहीतरी विधायक करावे, असे तीन वर्षांपूर्वी ठरले. गावातील एका शाळेकडून गरजू विद्यार्थ्यांची यादी मागवली आणि तीस मुलांना दप्तरे वाटली. मंच होता, हार होते, छायाचित्रकार होता. नावे पुकारली जाऊ लागल्यावर लक्षात आले की यादीत आमच्याच मंडळातील, नववीत शिकणारा एक मुलगा आहे, जो त्या दिवशी सकाळपासून खुर्च्या मांडत होता. यादी आमच्यापैकी कोणी नीट वाचलीच नव्हती. त्याने दप्तर घेतले, छायाचित्रासाठी उभा राहिला, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्याही उचलल्या, आणि त्यानंतर तो मंडळात आला नाही. ते छायाचित्र अजून मंडळाच्या कार्यालयात भिंतीवर आहे आणि दर वेळी कुलूप उघडताना मला ते पाहावे लागते.

त्यानंतर आम्ही वृक्षारोपण केले, नदीकाठी निर्माल्य गोळा केले, पूरग्रस्तांसाठी कपडे जमवले. प्रत्येक वेळी पहिल्या दिवशी तीसजण, दुसऱ्या दिवशी नऊजण आणि तिसऱ्या दिवशी मी. मुलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण हीच मुले मांडवासाठी रात्र रात्र राबतात. मग सेवाकार्यातच ती का टिकत नाहीत, आणि कोणत्या प्रकारचे काम दिले तर टिकतील, याविषयी प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे. प्रमाणपत्रे द्यावीत का, हाही प्रश्न आहे. काही पालकांनीच ती मागितली आहेत.

माजी_कार्यक्रम_अधिकारी

कोषाध्यक्ष महोदय, मी एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे प्रमाणपत्राच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

रासेयो २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. नियम साधा आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे. हे पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. या व्यवस्थेवर पुष्कळ टीका होते आणि तिच्यातली बरीचशी खरी आहे. कागदी तास मी स्वतः पाहिले आहेत. २ ऑक्टोबरला नवे कोरे झाडू हातात घेऊन छायाचित्र काढणारी आणि अर्ध्या तासात परतणारी पथकेही पाहिली आहेत. तरीही इतक्या वर्षांनंतर माझे मत असे आहे की प्रमाणपत्रासाठी मूल आले तर त्याला हसू नये. ते कशासाठी आले आणि कशासाठी राहिले या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि दुसरी आपल्या हातात असते.

एक उदाहरण देतो. एका वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही दत्तक गावाच्या ओढ्यावर वनराई बंधारा घातला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून, त्यांची तोंडे शिवून, पाऊस ओसरल्यावर वाहत राहिलेल्या ओढ्यात आडव्या रचायच्या, म्हणजे पुढचे काही आठवडे पाणी अडते, आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळतो आणि रब्बीच्या एखाद्या पाळीची सोय होते. मुलांनी दिवसभर राबून बंधारा घातला, समूहछायाचित्र काढले, आणि चौथ्या दिवशी तो मधोमध फुटला. पुढच्या रविवारी बस अर्धी रिकामी जाणार, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात पहिल्यापेक्षा चार मुले जास्त आली. काठावरच्या शेतकऱ्याने त्यांना दाखवले की गोण्यांत नुसती वाळू भरल्याने पाणी आतून निघून गेले, तळाशी चिकण माती चेचून बसवायला हवी होती, आणि जागाही दहा पावले वर, खडक आहे तिथे, घ्यायला हवी होती. त्या मुलांनी बंधारा पुन्हा घातला आणि पाणी किती दिवस टिकते हे पाहण्यासाठी काठावर खुणा केलेली काठी रोवली. त्या काठीवरची पातळी पाहायला ती जानेवारीपर्यंत आपल्या पैशाने एसटीने जात होती. त्या फेऱ्यांचे तास मी नोंदवायला विसरलो होतो आणि एकानेही त्याची आठवण करून दिली नाही.

आपल्या निर्माल्याच्या किंवा वृक्षारोपणाच्या कामात अशी काठी कुठे होती, हे तपासून पाहावे. झाड लावले जाते, पण ते जगले की मेले हे कोणी सांगायचे, हे ठरलेले नसते. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीला मुले ऐन मे महिन्यात, विदर्भातील उन्हाळ्यात, स्वखर्चाने प्रवास करून जात आली आहेत. सुखसोयी किंवा बक्षीस हे त्याचे कारण असणे शक्य नाही.

प्रमाणपत्र द्यावे, मात्र त्यावर ‘सहभाग’ असा मोघम शब्द न लिहिता नेमके काय केले ते लिहावे. ‘एका ओढ्याची पाणीपातळी अकरा आठवडे मोजली’ असे लिहिलेले प्रमाणपत्र मुले जपून ठेवतात.

स्पष्टवक्ता

थोडे वेगळे मत मांडतो. गणेशोत्सव मंडळाने गणेशोत्सव नीट करावा, एवढे पुरेसे का असू नये? १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाच्या गळ्यात समाजकार्याचे लोढणे बांधण्याची आपल्याला सवय लागली आहे. मुले मांडवासाठी राबतात कारण त्यात त्यांना आनंद वाटतो. त्यांना आनंद वाटत नाही अशा कामाला जुंपून नंतर ‘तरुण पिढी टिकत नाही’ म्हणणे योग्य नाही.

कोषाध्यक्ष_सातारा

आपला आक्षेप मान्य आहे, पण आमच्याकडे वर्गणी देणारे लोकच विचारू लागले आहेत की उरलेल्या पैशांचे काय केले. शिवाय, मांडवाच्या कामात आनंद का वाटतो आणि दुसऱ्या कामात का वाटत नाही, हाच तर माझा प्रश्न आहे.

नववीची_लेखनिक

काका, मी १९ वर्षांची आहे आणि आमच्या गल्लीतील मंडळात मला आजवर आरतीचे ताट सजवण्यापलीकडे काम मिळालेले नाही. तुम्ही ‘चाळीस मुले’ असे लिहिले आहे. त्यात मुली किती आहेत, हे विचारण्याचे धाडस करते. रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या कामाला आम्हाला घरून परवानगी मिळत नाही, आणि मंडळाचे सगळे निर्णय रात्री दोन वाजताच होतात.

मांडवाच्या कामात आनंद का वाटतो, यावर माझे उत्तर असे आहे की देखावा कोणता करायचा हे मुले स्वतः ठरवतात. दप्तरे वाटायची हे तुम्ही ठरवले, झाडे लावायची हे तुम्ही ठरवले, आणि मग मुलांना हात लावायला बोलावले. हे रागाने लिहीत नाही, कारण आमच्या घरीही असेच चालते.

मला टिकवून ठेवणारे काम कोणते मिळाले, ते सांगते, कारण ते कोणत्याही गावात करता येण्यासारखे आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी नववीत असताना आमच्या शिक्षिकेने विचारले की दहावीच्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला लेखनिक हवी आहे, तू जाशील का. दृष्टिहीन किंवा स्वतः लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक घेण्याची सवलत असते, परंतु लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा लागतो. म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्याला नववीतला आणि बारावीच्या विद्यार्थ्याला अकरावीतला. त्यामुळे हे काम मोठ्या माणसांना करताच येत नाही. ते आमच्याच वयाच्या मुलांना करावे लागते. अडचण अशी की बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि तेव्हा लेखनिकाची स्वतःची वार्षिक परीक्षाही तोंडावर आलेली असते, म्हणून पालक नाही म्हणतात. ऐन वेळी लेखनिक न मिळाल्यामुळे धावपळ करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

मला वाटले होते की ऐकायचे आणि लिहायचे, एवढेच तर काम आहे. पहिल्याच पेपरात त्या विद्यार्थिनीने, म्हणजे ताईने, एका प्रश्नाचे उत्तर चुकीचे सांगितले. मला बरोबर उत्तर माहीत होते. लेखनिकाने परीक्षार्थी जे सांगेल तेच लिहायचे असते, सुचवायचे काही नसते, चेहऱ्याने किंवा आवाजानेही नाही. मी चुकीचे उत्तर लिहिले आणि घरी येऊन रडले. दुसऱ्याला मदत करणे म्हणजे त्याच्या वतीने आपण हुशारी दाखवणे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले, आणि ते कोणत्याही भाषणात मला कोणी सांगितले नव्हते. अशा परीक्षार्थींना दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणून तीन तासांचा पेपर चार तास चालतो. शेवटच्या तासाला हात इतका दुखायचा की पेन पकडवत नसे. ताई मध्येच थांबायची आणि म्हणायची, ‘बोटे मोकळी कर, मला विचार करायचाय.’ ती विचार करत नव्हती, मला विश्रांती देत होती, हे मला दोन पेपरांनंतर समजले.

पुढच्या वर्षी मी दहावीत गेले तेव्हा इतिहास मला काही केल्या लक्षात राहत नसे. ताई रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर माझ्याकडून एकेक प्रकरण तोंडी म्हणून घ्यायची, कारण तिला सगळे पुस्तक ऐकून पाठ होते. कोण कोणाला मदत करत होते, हे सांगता येणार नाही. त्यानंतर मी दरवर्षी एकदोघांसाठी लेखनिक झाले आहे आणि आता वरच्या इयत्तेत गेल्यामुळे बोर्डाच्या परीक्षांना बसता येत नाही, म्हणून आम्ही सहाजणी खालच्या वर्गांतील मुलांना तयार करतो आणि पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करून देतो. या कामाचे एकही छायाचित्र नाही, कारण परीक्षागृहात भ्रमणध्वनी नेता येत नाही.

तुमच्या मंडळातल्या त्या नववीतल्या मुलाला कोणी काही विचारले का? तुम्ही लिहिलेल्या हकिगतीत तो एकदाही बोललेला नाही, म्हणून विचारते.

माणदेशी_शेतकरी

वरील ताईंच्या शेवटच्या प्रश्नाला माझाही दुजोरा. मी माण तालुक्यातला असल्याने कोषाध्यक्षांच्या जवळचाच आहे.

२०१८ साली मी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होतो. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली होती आणि २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोहोचली होती. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस गावाने श्रमदान करायचे, डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे, बांधबंदिस्ती करायची, असा प्रकार होता. त्या वर्षी पहिला क्रमांक आमच्याच तालुक्यातील टाकेवाडीला मिळाला. आमच्या गावाला काही मिळाले नाही, पण तो विषय वेगळा.

सकाळी पाचला भोंगा वाजायचा आणि ऊन चढेपर्यंत काम चालायचे. सुरुवातीला आम्ही पोरे फक्त गंमत म्हणून गेलो. आम्हाला अडकवून ठेवले ते मोजमापाने. समपातळी काढण्याचे साधन आमच्या हातात दिले होते, कारण वडीलधाऱ्यांपैकी अनेकांची नजर साथ देत नव्हती. चर कुठून कुठे जाणार हे आम्ही आखायचे आणि सरपंचासकट सगळ्यांनी त्या आखणीवर कुदळ मारायची. ज्या पोरांना गावात कोणी ‘अहो’ म्हणत नव्हते, त्यांना म्हातारी माणसे ‘हितनं न्यायचा का तितनं?’ असे विचारू लागली. त्या विचारण्यासाठी आम्ही पंचेचाळीस दिवस पहाटे उठलो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

१ मे रोजी महाश्रमदान होते आणि पुण्या-मुंबईहून जलमित्र, म्हणजे श्रमदानासाठी येणारे शहरी स्वयंसेवक, आले होते. त्यांच्याबद्दल गावात दोन मते होती. अनेकांना कुदळ धरता येत नव्हती, दहा वाजता काहीजण आडवे झाले, आणि त्यांच्या पाण्याची व नाश्त्याची व्यवस्था करण्यात आमच्या बायकांचे श्रमदान बुडाले, हे खरे आहे. परंतु आमच्या आजीला मात्र वेगळेच वाटत होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे इतकी वर्षे शहरात आपण जातो आणि तिथे कोणी पाणी विचारत नाही. आज शहर आपल्याकडे आले आहे तर आपण भाकरी घालू. तिने तेरा पोरांना भाकरी-पिठले वाढले आणि त्यातील एकजण अजून दिवाळीला आमच्याकडे येतो.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे इर्जिक नावाची जुनी पद्धत होती. एखाद्याची नांगरट मागे पडली, घरात आजारपण आले किंवा बैल मेला, तर गावातील इतर शेतकरी आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या रानात जात आणि एका दिवसात काम उरकत. तो घरधनी त्यांना जेवण घाली. सावड ही तिच्याच जवळची पद्धत, मात्र तिच्यात आज तू माझ्याकडे आणि उद्या मी तुझ्याकडे अशी फेड ठरलेली असते. या दोन्हींत एक गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याच्याकडे काम व्हायचे त्याला कोणी ‘गरजू’ म्हणत नव्हते. तो यजमान असे. तो जेवण घालत असे, म्हणून त्याची मान खाली जात नसे. तुमच्या दप्तरवाटपात त्या पोराला यजमान होण्याची सोयच नव्हती. सकाळी खुर्च्या मांडताना तो यजमान होता आणि दुपारी त्याला तुम्ही याचक केले. तो परत आला नाही यात मला नवल वाटत नाही, तो खुर्च्या उचलून गेला याचे वाटते. हल्ली गटशेतीच्या निमित्ताने, विशेषतः पाणी फाउंडेशनच्या २०२२ पासूनच्या फार्मर कप स्पर्धेत, इर्जिक हा शब्द आमच्याकडे पुन्हा ऐकू येऊ लागला आहे.

एक सावधगिरीही सांगतो. स्पर्धा संपल्यानंतर आमच्या गावात चरांतील गाळ कोणी काढला नाही आणि दोन पावसाळ्यांत निम्मे चर बुजले. स्पर्धेने पोरे जमतात, परंतु गाळ काढण्याची स्पर्धा अजून कोणी भरवलेली नाही.

कोषाध्यक्ष_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखनिक ताईंच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो आणि परवा त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. तो आता बारावीत आहे. तू का आला नाहीस, असे मी विचारले नाही, कारण त्याचे उत्तर मला माहीत होते. यादीबद्दल विचारले.

त्याने शांतपणे सांगितले की त्या तीसजणांतील दोघांकडे आधीच चांगली दप्तरे होती, आणि ज्यांना खरोखर दप्तरे हवी होती अशी ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतील तीन मुले यादीत नव्हती, कारण यादी केली गेली तेव्हा ती आईवडिलांबरोबर फडावर होती. ‘मला आधी विचारलं असतं तर मी यादी नीट करून दिली असती’, एवढेच तो म्हणाला. त्याच्या आईने मला चहा दिला. मी तो प्यालो, आणि माणदेशी दादांचे म्हणणे तिथे मला नीट समजले.

भिंतीवरचे छायाचित्र काल उतरवले आहे. मुलींच्या प्रश्नाचे उत्तर असे की चाळीसपैकी मुली पाच आहेत आणि त्या पाचही आरतीचे ताटच सजवतात. बैठकीची वेळ यापुढे संध्याकाळी सहाची ठेवू.

आता दोन व्यावहारिक शंका. मुलांच्या हाती निर्णय द्यायचा तर पैसेही द्यावे लागतील. ते कसे द्यावेत? आणि रक्तदान शिबिराची एक सूचना मुलांकडूनच आली आहे, त्याविषयी कोणी मार्गदर्शन करील का?

हिशेबनीस

पैशांबाबत थोडक्यात. नोंदणी नसलेल्या मंडळास वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ (क) खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर हिशेबही सादर करावा लागतो, हे आपणास माहीत असेलच. ती जबाबदारी पदाधिकाऱ्यांचीच राहील, ती अठरा वर्षांखालील मुलांवर ढकलू नये. मात्र रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिण्याचे काम मुलांना द्यावे आणि ती दर महिन्याला फलकावर लावावी. आमच्या मंडळात एका अकरावीतल्या मुलीने रोजकीर्द लिहायला घेतल्यापासून ‘किरकोळ खर्च’ हे सदरच नाहीसे झाले आहे. ध्वनिक्षेपकवाल्याचे देयकही त्या वर्षी प्रथमच वाटाघाटीने कमी झाले.

रक्तपेढी_तंत्रज्ञ

रक्तदानाविषयी मी लिहितो, कारण अनेक वर्षे रक्तपेढीत काम करत आहे आणि उत्साही मंडळांनी नकळत निर्माण केलेल्या अडचणी जवळून पाहिल्या आहेत.

कृपया उत्सवात शिबिर घेऊ नका. गणेशोत्सवात, नेत्यांच्या वाढदिवसांना आणि राष्ट्रीय दिनांना इतकी शिबिरे होतात की त्या आठवड्यात साठवण्याची जागा पुरत नाही, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद असल्यामुळे नातेवाइकांना एका पिशवीसाठी गावभर फिरावे लागते. रक्त ही साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. तांबड्या पेशी पिशवीतील द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, केवळ पाच दिवस. डेंग्यूच्या दिवसांत ज्या प्लेटलेट्स लागतात त्या गेल्या महिन्याच्या शिबिरातून येऊ शकत नाहीत.

म्हणून मोठ्या शिबिराऐवजी दात्यांची यादी तयार करावी, असे मी सुचवीन. रक्तदात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते. आपल्या मंडळातील निम्मी मुले अठराच्या आतील असतील, तर ती रक्त देऊ शकणार नाहीत, परंतु या कामाचा कणा तीच होऊ शकतात. गावातील प्रत्येक दात्याचा रक्तगट, मागील रक्तदानाची तारीख आणि पुन्हा पात्र होण्याची तारीख एका वहीत लिहायची, त्या तारखेला त्याला फोन करायचा, आणि रक्तपेढीने मागणी केली की दोघातिघांना घेऊन यायचे, एवढेच काम आहे. मात्र ते वर्षभर चालते आणि त्यात चुकून चालत नाही. रक्तगट ही खाजगी माहिती असल्यामुळे वही एकाच्याच ताब्यात असावी आणि ती व्हॉट्सॲपवर फिरवू नये.

भेटवस्तूंविषयी स्पष्टच लिहितो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आहे, आणि तरीही अनेक शिबिरांत दात्यांना हेल्मेट, पिशव्या, जारसुद्धा वाटले जातात. भेटवस्तूच्या ओढीने आलेला माणूस अलीकडे झालेला आजार, घेतलेले औषध किंवा गोंदवून घेतल्याची तारीख लपवतो, आणि त्याचा धोका ज्याला ते रक्त चढवले जाते त्याला असतो. चहा, बिस्किटे आणि पंधरा मिनिटे शेजारी बसून बोलणारे कोणीतरी, एवढे पुरे. पहिल्यांदाच रक्त देणारे मूल सुईपेक्षा एकटेपणाने जास्त घाबरते, असा माझा अनुभव आहे. शेजारी बसून बोलण्याचे हे काम सोळा-सतरा वर्षांची मुले उत्तम करतात.

स्पष्टवक्ता

माझा आधीचा प्रतिसाद थोडा घाईचा होता. वहीचे काम मंडळाला जमण्यासारखे आहे, एवढे मान्य करतो. लोढण्याबद्दलचे मत कायम आहे.

माजी_कार्यक्रम_अधिकारी

एक पुरवणी. निर्माल्य किंवा नदीकाठची सफाई पुन्हा करणार असाल, तर मुलांना जाड रबरी हातमोजे आणि बंद पादत्राणे दिल्याशिवाय पाण्यात उतरवू नये, धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारावे, आणि अठरा वर्षांखालील प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. आमच्याकडे एका मुलाच्या तळव्यात काच घुसली होती आणि त्या रात्री प्रथमोपचाराची पेटी बसमध्ये कुलूपबंद होती. किल्ली माझ्याच खिशात होती आणि मी घरी पोहोचलो होतो.

कोषाध्यक्ष_सातारा

सूचनांची छापील प्रत काढून घेतली आहे. येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता मुलामुलींची बैठक आहे आणि तिचा विषय त्यांनीच ठरवायचा आहे. तो बारावीतला मुलगा येईन असे म्हणाला नाही, येणार नाही असेही म्हणाला नाही. ऊसतोडणीच्या कुटुंबांची मुले कोणत्या महिन्यात परत येतात, हे मात्र त्याने आपणहून एका कागदावर लिहून पाठवले आहे.

कार्यालयाची किल्ली दोन मुलींकडे दिली आहे. बैठकीला मी नसेन. खुर्च्या मात्र मोजून ठेवल्या आहेत, बेचाळीस आहेत.